उतरण

सातबारा आता मोबाईलवर निघतो.
तलाठ्याकडं जायचं कारण गेलं.
सोसायटीचा शेवटचा शेअर मोडला, तेही गेलं.
जत्रा लांब आहे. लग्न कुणाचं नाही,
देवाच्या दयेनं मयतही कुणाची नाही.
तरी चैत्रातल्या शनिवारी पहाटे
मी गणेशपेठच्या स्टँडवर,
रामटेकच्या पाटीखाली उभा,
हातात अर्धा किलो बालुशाही
आणि बायकोला सांगितलेलं एक कारण,
जे तिनं ऐकून घेतलं,
उलटून विचारलं नाही.

कामठी गेली. कन्हानच्या पुलाआधी
मी उजवीकडच्या खिडकीला सरकलो.
नदी तिकडून बरी दिसते असं नाही,
बाबा तिकडं बसायचे.
मनसरला रस्त्यावर मँगनीजची काळी भुकटी,
मग एकदम गड,
आणि घशात सुपारीचं खांड अडकावं
तसं काहीतरी.

आमचा मळा आता लेआउट आहे.
गुलाबी मुरमावर चुन्याच्या रेघा,
विहीर बुजवून चौदा नंबरचा प्लॉट.
"कॉर्नरचा दाखवू का साहेब?"
छत्रीखालच्या पोरानं विचारलं.
विक्रीच्या कागदावर चार सह्या आहेत,
तिसरी माझी.
मी घड्याळ बघितलं,
गिऱ्हाईक बघतं तसं.

इस्तारीकाकाचा मळा पलीकडं, अजून उभा.
"काहून आला बे?"
हे आमच्याकडचं या, बसा.
"असाच."
"असाच कोनी येते का?"
बोलता बोलता त्याची नजर माझ्या पायांवर.
मी चपला कुडाबाहेर काढल्या.
इतकी वर्षं झाली, आणि सांगावं लागलं.

आत गेलं की ऊन संपतं.
हिरवा अंधार, पाटाचा गारवा,
शेवरीच्या सावलीत पानांचा तो वास,
जो बाबांच्या सदऱ्याला होता,
धुतल्यावरही.

उतरण चालली होती.
वेल माथ्याला पोचली की वरची पानं
लहान निघतात, पिवळट, जिभेला झोंबणारी.
मग तिला खाली घ्यायचं.
लव्हाळ्याचे बंध एकेक सोडायचे,
झोपलेल्या लेकराच्या मानेखालून
हात काढावा तसं तिला झाडावरून सुटी करायची,
बुडाशी वेटोळं, वर माती, शेणखत,
आणि बाहेर फक्त वीतभर शेंडा.
जून झालेल्या पेरांना
तिथं परत मुळं फुटतात.

बावीस वर्षं ही बोटं
वीजबिलाच्या खिडकीमागे नोटा मोजतात.
पहिली वेल उतरली.
दुसरीला काका म्हणाला, "नख नोको लावू."
तिसरी मोडली.
कट्ट. एवढंच.
पाटाचं पाणी वाहत राहिलं.
मला वाटलं, आता बोलेल.
सहीबद्दल, बाबांबद्दल,
त्या चौदा नंबरबद्दल.
त्यानं मोडलेला तुकडा उचलला,
खांद्यावरचा दुपट्टा पाटात भिजवून
त्याची एक पट्टी फाडली, तुकड्याला गुंडाळली.
"घेऊन जाय. नागपुरात लाव.
लागनार नाही.
पन घेऊन जाय."

दुपारी लाखोरीची डाळ, भाकर, कच्चा कांदा.
काकूनं जुनी कुठलीच गोष्ट काढली नाही,
फक्त दोनदा म्हणाली, जेव.

मानेवाड्याच्या तिसऱ्या मजल्यावर
रंगाच्या रिकाम्या बादलीत मी ती लावली.
कूलरची हवा लागू नये म्हणून आडवी गोणपाट बांधली.
सकाळ-संध्याकाळ शिंपडलं,
आणि गॅलरीत अनवाणीच गेलो,
मुलगी हसली तरी.

आठव्या दिवशी पेर काळं पडलं.
मी काही बोललो नाही. बादली तशीच ठेवली.
बायको वाळत घातलेले कपडे काढत होती,
चिमटे तोंडात धरलेले, पाठ माझ्याकडं.
चिमटे काढून म्हणाली,
"लागली नाही,
हे काकांना सांगायला तरी
जावं लागेल ना तुम्हाला."